तुझ्या नावाचं समन्स

आई,

तुझ्या नावाने कोर्टाचं समन्स आलं, म्हणून हे लिहायला बसले. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे ते तुला ठाऊक आहे. पण या प्रकरणात तू आरोपी होतीस आणि मला काही समजेनासं झालं आहे, तेव्हा सांगायचं तर तुलाच सांगायला हवं.

समन्स आलं त्या सकाळी दोडक्याची भाजी फोडणीला टाकली आणि बेल वाजली. दारात हवालदार. त्याची नजर आपल्या दारावरच्या पाटीवर होती. पाटी मी बदललेली नाही, तुझं नाव वर आणि माझं खाली असंच अजून आहे. त्याने तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, ‘‘आ बेन घरे छे?’’ मी म्हटलं, ‘‘ए तो गुजरी गयां. अगियार वरस थयां.’’ अकरा वर्षं म्हटल्यावर त्याने हातातला कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला. ‘‘तो पछी सिग्नल कोणे तोड्यो?’’ स्कूटर कोण चालवतं म्हणाला, तर म्हटलं, ‘‘हुं.’’ मीच. मग सही तुम्हीच करून द्या म्हणाला. मी म्हटलं, नाव माझं नाही, मी कशाची सही करू? तेव्हा तो बिचारा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, ‘‘बेन, गुजरी गयेलांनी सही हुं क्यांथी लावुं?’’ तो तरी ती कुठून आणणार? शेवटी मी ‘मालक हयात नाहीत, मुलीने स्वीकारले’ असं लिहून खाली सही केली. कंपनीत इतकी वर्षं खरेदी विभागात काढली, कुठलाही कागद असाच्या असा घ्यायची सवय नाही. एवढं होईपर्यंत दोडकं करपलं.

तर झालं होतं असं. काही महिन्यांपूर्वी एका दुपारी आपली स्कूटर अलकापुरीच्या चौकात लाल दिवा असताना पुढे गेली आणि वरच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. दंडाचा मेमो गेला तुझ्या मोबाइलवर. तो नंबर मी तू गेल्यावर बंद केला होता. कुणी उत्तर दिलं नाही, दंड भरला नाही, म्हणून कोर्ट. गाडी तुझ्या नावावर का राहिली, हे तू विचारशील. आरटीओत एकदा गेले होते. तिथे खिडकीवरच्या माणसाने मागितलेले सगळे कागद माझ्याकडे होते, पण रांग सोडून परत आले. विमाही दर वर्षी तुझ्याच नावाने भरते. विम्याचा एजंट दिवाळीला तुला शुभेच्छा पाठवतो.

समन्सबरोबर फोटोची छापील प्रत होती. काळी-पांढरी आणि धूसर. मागून काढलेला फोटो, नंबर मात्र स्वच्छ. गाडीवर एक बाई बसलेली, ताठ, पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी मागे गाठ मारून बांधलेली. डोक्यावर आपलं हेल्मेट. आपलंच, कारण मागच्या बाजूला तो डाग दिसतो. दसऱ्याला सगळं बडोदं आपापल्या गाड्यांना हार घालतं, हळदकुंकू लावतं, तू हेल्मेटलाही कुंकवाचं बोट ओढलं होतंस, आणि मी घासूनही ते गेलं नाही. गाडी आपली, हेल्मेट आपलं, अंगकाठी माझी. म्हणजे ती बाई मी. दुसरी कोण असणार?

पण आई, मला ते आठवत नाही. त्या वेळी मी त्या चौकात होते हे मला आठवत नाही, आणि लाल दिव्यात गाडी पुढे काढणं तर माझ्या हातून होणं शक्य नाही. रिकाम्या चौकातही मी रेघेच्या मागे थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, मी हलत नाही. कंपनीतली मुलं म्हणायची, मॅडमना यम न्यायला आला तरी त्याला हिरव्या दिव्यापर्यंत थांबावं लागेल. आणि हा फोटो. मी तो जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवून ठेवला आणि जेवताना बघत राहिले. ती बाई मागे वळून बघत नव्हती.

मला भीती कशाची वाटली ते तुला सांगायला नको. तुझं असंच सुरू झालं होतं. आधी गॅसवर दूध, मग माणसांची नावं, मग बाजवा. तू शिंप्याकडून ब्लाउज आणायला अलकापुरीत निघालीस आणि थेट उलट्या दिशेला, रिफायनरीच्या धुरांड्यांजवळ बाजव्याला पोचलीस. तिथल्या एका चहावाल्याने तुझ्या पर्समधला माझा नंबर पाहून मला फोन केला. मी नंदेसरीच्या कारखान्यातून कंपनीची जीप घेऊन आले. तू बाकड्यावर बसून चहा पीत होतीस, स्कूटर शेजारी स्टँडवर उभी, सगळं व्यवस्थित. मला बघून तू हसलीस. ‘‘तू इकडे कुठे गं?’’ आणि मी, चहावाल्यासमोर, चार ट्रक ड्रायव्हरांसमोर, तुला बोलले. लहान आहेस का, म्हटलं. कुणाला उडवलं असतंस म्हणजे? अडुसष्टाव्या वर्षी हौसेने स्कूटर घेतलीस तेव्हाच मी नको म्हटलं होतं, हेसुद्धा त्याच वेळी ऐकवलं. तू एवढंच म्हणालीस, ‘‘लक्ष राहिलं नाही गं.’’ मी हात पुढे केला. ‘‘चावी दे.’’ तू चावी काढलीस, मग तिचं पितळी घुंगरू सोडवायला लागलीस. नखाने ती कडी उघडेना. मी तशीच हात पुढे करून उभी. शेवटी निघालं. ‘‘चावी घे. घुंगरू माझं आहे,’’ म्हणालीस आणि ते पर्समध्ये टाकलंस.

डॉक्टरांनीही गाडी बंद करायलाच सांगितलं होतं. मी बरोबरच केलं होतं.

आता ती पाळी माझी, असं मी धरून चालले. आणि एकदा तसं धरलं की सगळंच त्यात बसायला लागतं. गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला होता, ‘‘बेन, तमे तो रिटायर थयां, तोय आटली फेरवो छो?’’ मीटरवर फार किलोमीटर झाले होते म्हणे. मी त्यालाच झापलं, तुझ्याकडची माणसं गाडी फिरवत असतील म्हणून. आता वाटलं, मीच फिरवते आणि विसरते. पेट्रोलचंही तसंच. माझी गाडी फार चांगलं अ‍ॅव्हरेज देते असं मी भेटेल त्याला सांगते. टाकीत नेहमी माझ्या अंदाजापेक्षा जास्तच पेट्रोल निघतं. म्हणजे भरते आणि भरल्याचं विसरते? आणि एक गोष्ट तर मी कुणालाच सांगितली नव्हती. मध्यंतरी एका दुपारी बरं नव्हतं म्हणून कंपनीत गेले नाही. (निवृत्तीनंतरही ते मला बोलावतात, दिवस ठरलेले नाहीत. कंपनीची बस घ्यायला येते.) डोळा लागत होता आणि जिन्यात तुझं घुंगरू वाजलं. अगदी स्पष्ट. मी उठले नाही. उठून काय बघायचं होतं?

मी स्वतःची परीक्षा घेतली. एकोणतीसचा पाढा म्हटला. कंपनीला सोडा आणि आम्ल पुरवणाऱ्या सगळ्या पार्ट्यांची नावं म्हटली. एकही अडलं नाही. त्यानेही समाधान झालं नाही, कारण तुलाही शेवटपर्यंत तू शाळेत शिकवायचीस त्या वर्गातल्या मुलींची हजेरी पाठ होती. प्रश्न कोर्टाचा नव्हता. दंड भरायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण तिथे उभं करून विचारणार, गाडी कोण चालवत होतं. होय म्हणावं तर जे आठवत नाही ते कबूल केल्यासारखं होतं. नाही म्हणावं तर फोटो आहे. खरं उत्तर एकच होतं, मला आठवत नाही. आणि ते चारचौघांत तोंडाने म्हणायची माझी हिंमत नव्हती. एकदा म्हटलं की मग कुणीतरी हात पुढे करतं आणि चावी दे म्हणतं. माझ्या बाबतीत तर ते म्हणायलाही कुणी नाही. ते जास्त वाईट की कमी, हेही मला ठरवता येईना.

तारखेच्या आदल्या दिवशी वरची भाभी हांडवा घेऊन आली. तीच, तू जिला मुलीसारखं मानायचीस. तिचे यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती अजून तशीच आहे, दार वाजवत नाही, सरळ आत येते. ताटली ठेवायला टेबलावर जागा करताना तिने काचेखालचा फोटो पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

‘‘हाय हाय! आ तो हुं छुं!’’

मी म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘जुओ ने बेन, मारी ज ओढणी. बांधणीनी.’’ आणि मग तिने कपाळाला हात लावला. ‘‘मेमो आव्यो? मारो? ने पोलीस तमारे घेर?’’

मी खुर्चीवर बसले. तिला वाटलं मी रागावले. मी तिला विचारलं, तू आमची गाडी कशी चालवलीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेड्यासारखं बोलते आहे. ‘‘तमने खबर नथी? आईए चावी आपेली ने!’’ आणि पदराआडच्या कमरेच्या बटव्यातून तिने तू दिलेली चावी काढली. तिला तुझं घुंगरू होतं.

दुसरी चावी. प्रत्येक गाडीला दोन येतात. मी आयुष्यभर माल मोजून घेतला, आई. ड्रम मोजले, सील तपासले, एक पाकीट कमी निघालं तर अख्खा ट्रक परत पाठवला. आणि तुझ्याकडून एक चावी घेतली आणि दुसरीचं मला सुचलंही नाही.

मग तिने सगळं सांगितलं. बाजव्यानंतर चारच दिवसांनी तू तिच्याकडे वर गेलीस. तुला गाडी यायची पण रस्ते आठवत नव्हते. तिला सगळं बडोदं पाठ, पण गाडी येत नव्हती. तू म्हणालीस, ‘‘चाल, बे मळीने एक ड्राइवर थईए.’’ दोघी मिळून एक ड्रायव्हर! आणि मी कंपनीत गेले की दर शुक्रवारी तुम्ही निघायचात. तू पुढे, ती मागे बसून डावं-उजवं सांगणार. सेव-उसळ खायची, तीही तिखट तर्री वरून मागून घेऊन, मग सुरसागर तलावाच्या पाळीवर बसायचं, आणि माझी बस यायच्या आत घरी. डिकीत असतं ते हेल्मेट घालायचंच, ही अट तुझी. मला सांगायचं नाही, ही अटही तुझी. ‘‘आई केहतां, ए वढशे,’’ म्हणाली. ती रागावेल. भाभी पुढे म्हणाली, ‘‘मनेय तमारी बहु बीक लागे, बेन. खोटुं ना लगाडतां.’’ मलाही तुमची फार भीती वाटते, वाईट वाटून घेऊ नका.

मला त्या शुक्रवारच्या संध्याकाळी आठवल्या. तू अंगावर चादर घेऊन पडलेली असायचीस. भूक नाही म्हणायचीस. मी डॉक्टरांना सांगितलं होतं की दर आठवड्याला एक दिवस हिची अन्नावरची वासना जाते, आणि त्यांनी टॉनिक लिहून दिलं होतं. तू ते गुपचूप घ्यायचीस. पोटात दोन प्लेट सेव-उसळ, आणि वर टॉनिक.

नंतर तुझे हातही ऐकेनात, तोपर्यंत तू भाभीला शिकवून ठेवलं होतंस. मग ती पुढे आणि तू मागे. आणि तू गेल्यावर? ‘‘आईए कहेलुं, बंध ना राखती, बॅटरी उतरी जशे.’’ म्हणून ती दर शुक्रवारी, मी घरी नसले की, गाडी काढते, सुरसागरपर्यंत जाऊन येते, स्वतःच्या पैशाने पेट्रोल टाकते. माझ्या गाडीचं प्रसिद्ध अ‍ॅव्हरेज ते. सिग्नलचं विचारलं तर म्हणाली, मागचा फार हॉर्न मारत होता, मी घाबरून पुढे गेले.

‘‘लायसन्स आहे का तुझ्याकडे?’’ मी विचारलं.

‘‘लायसन्स तो आईनुं हतुं ने!’’ म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की ते गाडीबरोबर येतं.

मी तिला खूप बोलले. लायसन्स नाही, विम्याला अर्थ उरत नाही, कुणाला लागलं असतं तर काय, आणि जिला घराचा रस्ता आठवत नाही अशा बाईच्या मागे तू बसतेस? तुम्हा दोघींना अक्कल नव्हती का? ती खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, ‘‘पण आई गातां’तां, बेन. गाडी पर आखे रस्ते गातां.’’ घरी तर तू शेवटच्या वर्षात बोलायचीससुद्धा कमी. गायचीस? काय गायचीस? हे मी तिला विचारलं नाही. हांडव्याचा तुकडा तोंडात टाकला.

तेव्हापासून मला काहीच धड कळत नाही आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे समजल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, एक क्षणभर. मग राग आला. पण कुणाचा? तिचा म्हणावं तर तुझ्यासाठी तिने जे केलं ते मी केलं नाही. तुझा म्हणावं तर तू आहेस कुठे. माझं चुकलं म्हणावं तर तेही मला पटत नाही. आजही तशी परिस्थिती आली तर मी चावी काढून घेईन. ते बरोबर होतं. आणि तुम्ही दोघी सेव-उसळ खायला गेलात हेही मला चूक म्हणवत नाही. दोन्ही कसं बरोबर असेल? मी हिशेबात अशी गोष्ट कधी पास केलेली नाही.

कोर्टात गर्दी होती, बहुतेक सगळे मेमोवालेच. शिपायाने तुझं नाव पुकारलं. पूर्ण, तुझं, बाबांचं, आडनावासकट. इतक्या वर्षांत कुणी ते एवढ्या मोठ्याने म्हटलं नव्हतं. मी हातातले कागद घेऊन उठले आणि पुढे जाईपर्यंत त्याने आणखी एकदा पुकारलं. पुढे पोचायची मला घाई नव्हती, हे खरं. न्यायाधीश एक तरुण मुलगी होती. तिने तुझ्या मृत्यूचा दाखला पाहिला, माझ्याकडे पाहिलं. ‘‘तमे एमनां दीकरी? गाडी कोण चलावतुं हतुं?’’

मी घरून ठरवून निघाले होते. जे आहे ते सांगायचं. आता तर आठवत नाही म्हणायचीही गरज नव्हती. मी नव्हते, आमच्या शेजारीण होत्या, एवढं वाक्य. भाभी मागच्या बाकावर बसली होती, मला न विचारता आली होती, बटवा दोन्ही हातांनी धरून. लायसन्स नसलेली. तिचं नाव घेतलं असतं तर प्रकरण सिग्नलवर थांबलं नसतं.

‘‘हुं,’’ मी म्हटलं.

‘‘तमे तो भणेलां लागो छो, बेन. सिग्नल केम तोड्यो?’’

शिकलेल्या दिसता, मग सिग्नल का तोडला? माझ्या तोंडून निघालं, ‘‘ध्यान ना रह्युं.’’ लक्ष राहिलं नाही. बाजव्याच्या बाकड्यावर तू म्हणाली होतीस तेच. माझ्या कानांनी ते ऐकलं आणि मला क्षणभर खरंच कळेना की बोललं कोण. ती मुलगी म्हणाली, या वयात जपून चालवा, आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. मी ‘‘हा, मॅडम’’ म्हटलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं सांगितलं आणि मी वाद घातला नाही.

बाहेर आल्यावर भाभी रडायला लागली. मी तिला रस्त्यात रडायचं नाही म्हणून दटावलं आणि सरळ लायसन्सच्या कामाला लावलं. चिन्हांची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली, पहिल्या खेपेला तिने ‘थांबा’च्या पाटीला ‘हळू जा’ म्हटलं. आता तिच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे. नियम असा आहे की शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सवालं कुणीतरी बसायला लागतं. तेव्हा शुक्रवारी मी मागे बसणार आहे. नियम आहे म्हणून. कुठे जायचं ते तिने ठरवलं आहे, आणि तिखट मला सोसत नाही हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे. जाताना तू काय गायचीस ते विचारेन, किंवा नाही विचारणार. ते अजून ठरलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. समन्सवर तुझा पत्ता म्हणून याच घराचा पत्ता आहे, म्हणजे एका अर्थी ते पोचलेलंच आहे. तरी काम झालं की काय कुणाकडे गेलं ते लिहून ठेवायची सवय सुटत नाही, म्हणून लिहिते.

कोर्टात दिलं : तुझ्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आणि दंड. पावती घेतली. आरटीओत दिलं : गाडी माझ्या नावावर करण्याचा अर्ज. त्याचीही पोच घेतली. दारावरच्या पाटीबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही, तेव्हा ती राहील. भाभीने मला दिली : दुसरी चावी, घुंगरासकट. ती मी दोन दिवस ठेवून घेतली. घुंगरू काढून घ्यायचं आणि नुसती चावी तिला परत द्यायची असं ठरवलं होतं. कडी माझ्याही नखाला उघडेना, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मी ती उघडून बघितलीच नाही.

मी भाभीला दिली : तीच चावी, घुंगरासकट. सही घेतली नाही.